बर्डीतलं घड्याळ दुरुस्तीचं दुकान: क्रोनोग्राफवाल्यांसाठी

लिलावात घेतलेला जुना क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ) मनगटावर चढवण्याआधी नागपूरच्या सीताबर्डीतल्या या दुकानात दाखवून घ्या. आतली यंत्रणा व्हॅल्जू ७७५० असेल तर टायमिंग मशीनवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ४९ अंशांचा लिफ्ट अँगल लावतात, म्हणजे झोका मोजायला लागणारा त्या यंत्रणेचा ठरलेला कोन. आधी क्रोनो, म्हणजे स्टॉपवॉच, बंद ठेवून मोजतात, मग चालू करून. अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) २०-३० अंशांनी उतरला तर चालतं. ६०नं कोसळला, तर तेल सुकलेलं असतं किंवा पिनियन (क्रोनोला गती जोडणारं छोटं दातेरी चाक) नीट गुंतत नाही. रीसेट केल्यावर क्रोनोचा सेकंदकाटा बाराच्या जरा बाजूला थांबतो? काटा सैल, नाहीतर हॅमर (काटा शून्यावर आणणारा दांडा) झिजलेला. हे निदान इथं पक्कं.

घड्याळाची केस (बाहेरचं कवच) मात्र ‘चमकवून देऊ का?’ असं विचारतील, साफ नाही म्हणा! बफिंगनं (घासून चकाकी आणल्यानं) लगच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांच्या, कडा गोल होतात, पुढच्या लिलावात भाव पडतो. आणि बदललेले जुने पार्ट पुडीत बांधून मागून घ्या.