बोटीचं छत आणि गाद्या : फसवणूक शिवणीच्या आत असते

कोटेशनवर लिहिलं होतं ‘४० डेन्सिटी फोम’. खोळ उसवून फोम बाहेर काढला, दोन दिवस सुकवला आणि किराणा दुकानातल्या साध्या काट्यावर ठेवला, तर भरला २ किलो १०० ग्रॅम. गादीचं माप १.८ मीटर लांब, ५० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड, म्हणजे ०.०९ घनमीटर. ४० डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ४० किलो. त्या हिशेबाने ही गादी ३ किलो ६०० ग्रॅम भरायला हवी होती. प्रत्यक्षात दिलेला फोम २३ डेन्सिटीचा निघाला. उशीला तो चालतो, पण ज्या बाकावर दिवसभर माणसं बसतात-उठतात तिथे एका मोसमातच खड्डा पडतो. अशा सहा गाद्या होत्या आणि दर मात्र ४० डेन्सिटीचा लावला होता.

हे काम गोव्यात मांडवी नदीवर पर्यटकांना फिरवणाऱ्या एका २४ फुटी बोटीचं. मालक बोट स्वतःच चालवतात. सप्टेंबरच्या शेवटी छत, पारदर्शक पडदा आणि सहा गाद्या असं सगळं मिळून ८४ हजारांना ठरलं. साठ टक्के रक्कम आधी दिली, उरलेली माल हातात येताच. फेब्रुवारीत छताची मधली शिवण हातभर उसवली, गाद्यांच्या कडांवर गंजाचे ओघळ आले आणि पडदा चहाच्या रंगाचा झाला. फोन केला की कारागीर “बाब, येत्या सोमवारी येतो” म्हणायचा. पुढे फोन उचलणंच बंद झालं. मग उसवण्यासाठी ते सगळं आमच्याकडे आलं. कारागिराचं नाव इथे लिहीत नाही, कारण हीच पद्धत वापरणारे इतरही आहेत आणि वाचकाला ओळखायची आहे ती पद्धत.

आधी वेळेचं बोलू. पावसात मांडवी-झुआरीवरच्या बहुतेक छोट्या बोटी काठावर किंवा शेडमध्ये असतात. ऑक्टोबर तोंडावर आला की सगळ्यांना एकदमच छत हवं असतं, गाद्या हव्या असतात. चांगल्या कारागिराकडे तेव्हा हात रिकामा नसतो. जो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही “पंधरा दिवसांत देतो” म्हणतो, त्याला इतकी सवड कशी, हे विचारा. हेच काम मे महिन्यात, बोट पाण्यातून काढायच्या आधी, छताचा पाइपांचा सांगाडा जागेवर असताना माप देऊन जुलैत शिवून घेतलं, तर घाई करावी लागत नाही आणि माल तपासायलाही वेळ मिळतो.

आता कापड. बिलावर ‘इम्पोर्टेड मरीन कॅनव्हास, ९ मीटर’ होतं. बोटीच्या छताला सनब्रेला या ब्रँडसारखं अ‍ॅक्रिलिक कापड लागतं. त्याचा रंग सूत कातायच्या आधी, धाग्याचा कच्चा माल द्रवरूप असतानाच त्यात मिसळलेला असतो, म्हणून तो उन्हात टिकतो. या बोटीवर लागलं होतं ते बॅगांचं पॉलिस्टर, आतून पातळ रबरी थर दिलेलं. नवीन असताना फरक कळत नाही, उलट बॅगेचं कापडच जास्त गुळगुळीत आणि भारी वाटतं. पण उलटं करून पाहा. अ‍ॅक्रिलिक दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. बॅगेच्या कापडाची एक बाजू चकचकीत असते आणि नखाने खरवडली की त्या थराचे पापुद्रे निघतात. एक सूत काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर पेटवून बघा. पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक गोल मणी होतो. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटतं, काळा धूर सोडतं आणि मागे वेडीवाकडी, चुरा होणारी गुठळी राहते.

नऊ मीटरचा हिशेबही खोटाच होता. छत २.४ मीटर लांब आणि २ मीटर रुंद. हे कापड ११७ आणि १५२ सेंटिमीटर अशा दोन पन्ह्यांत मिळतं. १५२ चा पन्हा घेतला, तर अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे कापायचे आणि मधोमध लांबीत एक जोड द्यायचा. प्रत्येक तुकड्यातून शिवणीची माया धरून १०४ सेंटिमीटर रुंदी वापरली की ४८ सेंटिमीटरची पट्टी उरते. तीन पाइपांसाठी लागणाऱ्या २० सेंटिमीटरच्या बाह्या त्यातच निघतात. पाच मीटरमध्ये काम होतं, चूकभूल धरून साडेपाच. उरलेलं साडेतीन मीटर कापड ना छतावर होतं ना मालकाच्या हातात. म्हणून उरलेलं कापड, अगदी कातरणसुद्धा, परत द्यायचं हे आधी लिहून घ्या. पुढे ठिगळ लावायला त्याच रंगाचं कापड लागतंच.

‘दहा वर्षांची गॅरंटी’ हे शब्दही नीट समजून घ्यावेत. चांगल्या अ‍ॅक्रिलिक कापडाला गिरणीची अशी हमी असते. पण ती कापडाचा रंग आणि ताकद यांची असते, शिलाईची नसते. आणि ती मागायची तर खरेदीची पावती लागते. ज्याने ते कापड विकतच घेतलं नाही, तो ती पावती कुठून आणणार?

सगळ्यात जास्त फसवणूक दोऱ्यात होते, कारण दोऱ्याकडे कुणी पाहत नाही. पूर्ण छताला लागणारा दोरा एकूण खर्चात किरकोळ असतो, तरी तिथेच वाचवलेलं असतं. उसवलेल्या शिवणीतला धागा नखाने ओढला तर सुक्या गवतासारखा तुटत होता. तो कपडे शिवायचा लोकरट दोरा होता. कापूस ओलीने कुजतो, नायलॉन उन्हात लवकर मरतो. इथे हवा बाँडेड पॉलिस्टर, व्ही-९२ जाडीचा, उन्हाला टिकणारा. तो गुळगुळीत, किंचित मेणचट लागतो आणि पीळ सोडवला तरी पदर सहज सुटे होत नाहीत. जास्त पैसे घालायची तयारी असेल तर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा घ्या. ऊन त्याचं काही बिघडवत नाही, पण मशीनवर तो निसरडा असतो आणि नवख्या हाताला त्रास देतो. टाके इंचाला पाच-सहा असावेत. त्याहून बारीक टाके घातले तर सुईची भोकं जवळ जवळ पडतात आणि कापड तिकिटासारखं फाटतं. जोड दुमडून, कडा पोटात घेऊन, दोन टिपा मारलेला हवा. या छतावर एकच टीप होती आणि कडा मोकळ्याच सोडल्या होत्या.

“एक थेंब गळणार नाही” असं म्हणणारा माणूस एक तर शिकाऊ असतो, नाही तर खोटं बोलतो. अ‍ॅक्रिलिक पाणी झटकतं, अडवत नाही. हवा खेळती राहावी म्हणून ते तसंच असतं. पाणी टिकून राहतं ते कापड सैल असेल तर. इथे कारागिराने बोटीवर येऊन नमुना काढलाच नव्हता, धक्क्यावर उभं राहून टेपने दोन मापं घेतली होती. नमुना सांगाडा ताठ बांधून, त्यावर प्लास्टिकचा कागद पसरून, चिकटपट्टीने ताणून काढतात आणि पाइपांच्या जागा पेनाने त्यावर आखतात. हे न केल्यास दोन पाइपांच्या मध्ये झोळ पडतो. एका चौरस मीटरच्या झोळात सरासरी ५ सेंटिमीटर पाणी साचलं की ५० किलो वजन त्या एका टिपेवर लटकतं. शिवण तिथूनच गेली.

गाद्यांच्या पोटात आणखी काय काय होतं ते सांगतो. फोम प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणून त्याचे वेगळे पैसे लावले होते. पाणी सुईच्या भोकांतून आत जातंच, आणि प्लास्टिकमुळे ते बाहेर यायला वाट राहत नाही. पाच महिन्यांत आत काळी बुरशी आणि सडलेल्या पाण्याचा वास. उघड्या बोटीच्या गादीला पाणी निथळणारा, मोठ्या छिद्रांचा फोम आणि तळाला जाळीचं कापड हवं. साधा फोम वापरायचा तर निदान तळाला जाळी लावा आणि गादी उभी करून सुकवा. वरचं कापड साधं सोफ्याचं रेक्झिन होतं, पाठीला सुती विणीचं. मरीन व्हिनाइलच्या पाठीला पॉलिस्टरची वीण असते आणि त्यात ऊन व बुरशी रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात. सुती पाठ आधी कुजते, मग वरचा थर तडकतो. गादीच्या तळाची फळी कमर्शियल प्लायची होती, कडा फुगून पुस्तकासारख्या उघडलेल्या. फळीवर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहूनच घ्या, कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या आणि हवेसाठी इंचभराची चार-सहा भोकं पाडा. गंजाचे ओघळ आले ते लोखंडी स्टेपल पिनांमुळे. खिशात एक लोहचुंबक ठेवा. ३१६ स्टेनलेसची पिन किंवा टिचबटण त्याला जवळजवळ चिकटत नाही, लोखंडी पिन टुणकन उडी मारते. चेन प्लास्टिकच्या मोठ्या दातांची, दहा नंबरची घ्या. धातूची चेन खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात आवळते.

पारदर्शक पडद्याला पाऊण ते एक मिलिमीटरचं, उन्हाला टिकणारं पीव्हीसी लागतं. जेवणाच्या टेबलावर घालतात ते प्लास्टिक इथे लावलं होतं. चांगला पडदासुद्धा घडी घातली की तडकतो, म्हणून तो गुंडाळूनच ठेवतात आणि तापलेल्या पाइपाला टेकू देत नाहीत. थिनर किंवा अमोनियाच्या काचपुसणीने पुसला तर तो दुधाळ होतो.

मग हे स्वतः शिवावं का? सपाट गाद्यांच्या खोळी, इंजिनाची टोपी, सुकाणूचं आवरण आणि जुन्या छतावर पुन्हा मारायची टीप, एवढं घरी होतं. घरातलं जुनं, लोखंडी बांध्याचं सरळ टाक्याचं मशीन व्ही-६९ हा थोडा बारीक दोरा आणि सोळा नंबरच्या सुईने अ‍ॅक्रिलिकचे चार थर शिवतं. कोपऱ्यावर आठ थर झाले की मोटर थांबवा आणि चाक हाताने फिरवा. आधी तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर टीप मारून बघा. वरच्या आणि बॉबिनच्या दोऱ्याची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे. ती खाली लोंबत असेल तर वरचा ताण वाढवा. टाके सुटत असतील तर सुई बारीक आहे किंवा वाकली आहे. लांब शिवणीत खालचं कापड ओढलं जातं आणि वरचं मागे राहतं, दोन मीटरमागे सेंटिमीटरभर सहज, आणि शेवटी दोन टोकं जुळत नाहीत. यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी शिवणीची पट्टी. थर आधी तिने चिकटवायचे, मग टीप मारायची. कडा तापलेल्या सुरीने कापल्या की उसवत नाहीत.

छत आणि पारदर्शक पडदा मात्र घरी करू नये असं आमचं ठाम मत आहे. तिथे वरून-खालून दोन्हीकडून कापड ओढणारं वॉकिंग फूट मशीन आणि नमुन्याचा सराव लागतो. तिथली एक चूक म्हणजे साडेपाच मीटर कापड वाया.

यातली मधली वाट सगळ्यात सुरक्षित आहे. कापड, दोरा, फोम, चेन आणि बटणं स्वतः पावतीवर घ्या आणि कारागिराला फक्त शिवणावळ द्या. प्रामाणिक कारागीर याला हरकत घेत नाही, फार तर दोऱ्याचा ब्रँड स्वतः सांगतो. “माल माझाच, नाहीतर काम नाही” असं कुणी म्हणालं, तर निदान कोटेशनवर कापडाचं नाव आणि मीटर, दोऱ्याची जाडी, फोमची डेन्सिटी, प्लायचा शिक्का, स्टेनलेसचा ग्रेड हे सगळं लिहून घ्या. नुसतं ‘बेस्ट क्वालिटी’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का पाहा. आगाऊ रक्कम मालाच्या खरेदीपुरतीच द्या, आणि निदान वीस टक्के रक्कम छत बोटीवर ताणून बसवल्यानंतरच द्या. सांगाडा कारागिराकडे न्यायचा असेल तर त्याची वेगळी पोच घ्या. पैशांवरून वाद झाला की तोच अडकवून ठेवतात.

फसवणूक झालीच असेल तर दुरुस्तीला हात लावायच्या आधी फोटो काढा, मोजपट्टी आणि वजनकाटा दिसेल असे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. समोरचा ‘बोट धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं म्हणेल. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही, त्यामुळे स्वतः बोट चालवणाऱ्याने हा मुद्दा अर्जातच मांडावा. फोमचा एक तुकडा, हातभर उसवलेला दोरा, दोन गंजलेल्या पिना आणि कापडाचा एक चौकोनी तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि कोटेशन व यूपीआयच्या पावत्यांबरोबर ठेवा.