प्रत्यक्ष घर पाहूनही मी फसले: मोंपेलिएतला अनुभव

फ्रेंच शिकायला फ्रान्सला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाला भेटल्याशिवाय एक पैसा देऊ नका. मी घर पाहिलं होतं. त्या माणसाला भेटले होते. किल्ली माझ्या हातात होती, सह्या झालेला करार पिशवीत होता, आणि तरीही माझे १२९० युरो गेले. तो सल्ला पुरेसा नाही, एवढ्यासाठीच हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी मोंपेलिएला आले. फ्रेंचची बी-वन पातळी झाली होती, वर्षभर राहून त्यापुढच्या बी-टू पातळीची देल्फ ही परीक्षा द्यायची असं ठरलं होतं. पहिले दोन आठवडे एका कुटुंबात राहायची सोय भाषाशाळेने करून दिली होती. पुढचं माझं मला बघायचं होतं. मोंपेलिए म्हणजे विद्यार्थ्यांचं शहर. सप्टेंबरमध्ये शाळा-कॉलेजं उघडतात, त्याला तिथे ‘रांत्रे’ म्हणतात, आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस सगळं शहर खोली शोधत असतं. क्रूस या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी संस्थेच्या वसतिगृहांत आधी शिष्यवृत्तीवाल्यांचा नंबर लागतो, त्यामुळे तिथे मला आशा नव्हती. सकाळी वर्ग आणि दुपारभर फोन, असा दिवस जायचा. फोनवरचं फ्रेंच वर्गातल्या ऑडिओसारखं नसतंच. ‘ज न से पा’ असं आपण शिकतो, तिथे नुसतं ‘शेपा’ ऐकू येतं. समोरचा काय म्हणाला हे मला कळेपर्यंत तो पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा. एक प्रश्न मात्र दर वेळी कळायचा: फ्रान्समध्ये राहणारा जामीन आहे का? नाही म्हटलं की संभाषण तिथेच संपायचं.

पत्ता नसला की त्या देशात माणूस कसा अडकतो, हे इथे बसून कळत नाही. बँकेत खातं उघडायला राहण्याचा पुरावा लागतो. मोंपेलिए परिसरात राहणाऱ्यांना २१ डिसेंबर २०२३ पासून ट्राम आणि बस फुकट आहे, पण त्या पासलाही तोच पुरावा लागतो, म्हणून मी रोज तिकीट काढत होते. व्हिसा फ्रान्समध्ये उतरल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो, तिथेही पत्त्याची चौकट भरावीच लागते. ‘जुस्तिफिकातिफ द दोमिसिल’, म्हणजे राहण्याचा पुरावा, हे तीन शब्द मला झोपेतही ऐकू यायचे. हे सांगते, कारण मी कुठल्या मनःस्थितीत होते हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जाहिरात एका मोफत जाहिरातींच्या साइटवर दिसली. बोझारच्या भागात बावीस चौरस मीटरचा सुसज्ज स्टुडिओ, भाडं महिना ४३० युरो. स्वस्त होतं, पण डोळे फिरतील इतकं स्वस्त नव्हतं. मी मेसेज टाकला, तासाभरात त्या गृहस्थाचाच फोन आला. आणि तो हळू बोलला. एकेक शब्द सुटा. मी अडखळले की थांबायचा, माझं वाक्य मला पूर्ण करू द्यायचा. “तुमचं फ्रेंच छान आहे हो,” असं म्हणाला. दहा दिवसांत इतक्या आपुलकीने माझ्याशी कोणी फोनवर बोललं नव्हतं. फोन ठेवला तेव्हा मला अख्खं संभाषण समजलं होतं, आणि त्या आनंदात मी त्या माणसालाच ओळखलं असं धरून चालले. माझी पहिली चूक पैसे देण्याची नव्हती, ही होती. जो माणूस आपल्याला कळेल असं बोलतो तो आपल्याला भरवशाचा वाटतो. परक्या भाषेत ही गल्लत फार पटकन होते.

गुरुवारी दुपारी दोन नंबरच्या, फुलांची चित्रं असलेल्या ट्रामने बोझारला उतरले. तो खालीच उभा होता. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, शेवटपर्यंत ‘वू’ म्हणून, म्हणजे अहो-जाहो करूनच बोलला. खिशातून जुडगा काढला, खालचं दार उघडलं, दुसऱ्या मजल्यावर नेलं. खोली स्वच्छ, उजेडाची. आता मी डोळे मिटले की ती खोली जशीच्या तशी दिसते आणि त्यातली प्रत्येक वस्तू ओरडून सांगत होती ते ऐकू येतं. पलंगाच्या पायथ्याशी दोन पांढरे टॉवेल घडी घालून ठेवलेले, त्यांच्यावर कागदात गुंडाळलेल्या दोन छोट्या साबणवड्या. फ्रिजवर लॅमिनेट केलेला कागद, त्यावर वायफायचा पासवर्ड, आणि खाली ‘निघताना कचरा खाली नेऊन टाकावा’ अशी सूचना. कपाटात एकही कपडा नाही, फक्त रिकामे हँगर. आणि खाली दाराशेजारच्या गजाला अडकवलेली, नंबरचं कुलूप असलेली, किल्ली ठेवायची एक छोटी पेटी. माझ्या मनात आलं, किती टापटीप माणूस आहे! ते घर पर्यटकांना चार-चार दिवसांसाठी दिलं जाणारं होतं. त्यानेही ते तसंच चार-पाच दिवसांसाठी घेतलं होतं आणि त्या दिवसांत आमच्यासारख्यांना दाखवत होता.

त्याने सांगितलं की आणखी दोघीजणी संध्याकाळी येणार आहेत, तेव्हा जागा माझ्यासाठी राखून ठेवायला २०० युरो लागतील. बाकीचे करारावर सही करताना, ‘आँ लिकिद’. लिकिद म्हणजे द्रव, पण बोलीत रोख पैसे, हे मला वर्गात आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शब्द ओळखल्याचा इतका आनंद झाला, की रोख का, हे विचारायचं राहूनच गेलं. पावती मागितली, त्याने लगेच लिहून दिली.

त्या रात्री घरी फोन केला. बाबांनी बरोबर तेच विचारलं जे कोणीही विचारेल. “घर आतून पाहिलंस ना? माणूस प्रत्यक्ष भेटला ना?” मी म्हटलं, हो बाबा, दोन्ही. ते म्हणाले, मग हरकत नाही.

रविवारी, १ सप्टेंबरला ताबा ठरला होता. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांची अनामत मिळून १२९० होत होते. २०० वजा जाता १०९०, तेही मी फॉरेक्स कार्डावरून तीन दिवसांत थोडे थोडे करून काढले, कारण दिवसाला काढायची मर्यादा होती. शनिवारी एका कॅफेत सह्या झाल्या. त्याने माझ्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स घेतली. करार तीन पानी, छापील, नीट होता. त्याने मध्येच ‘एता दे लिय’ असं काहीतरी म्हटलं आणि पुढे, ते नंतर बघू. मला शब्द कळला नव्हता. मी “वी, वी” म्हणाले. आपण सगळेच असं म्हणतो. न कळलेलं दर वेळी विचारायची लाज वाटते, समोरचा कंटाळेल असं वाटतं. एता दे लिय म्हणजे घरात शिरताना मालक आणि भाडेकरू दोघांनी मिळून, भिंती-नळ-खिडक्या तपासत केलेली लेखी नोंद. ती तो करूच शकत नव्हता.

रविवारी सकाळी दोन बॅगा ओढत गेले. रस्ते सामसूम. किल्ली लागली, हे विशेष. तिने खालचं दार उघडलं आणि वरचंही. आत नाश्त्याच्या टेबलाशी एक वयस्कर जोडपं बसलं होतं, बाईंच्या हातात क्रोआसाँचा अर्धा तुकडा. त्यांनी काय विचारलं ते आठवत नाही. मी माझा करार पुढे केला, त्यांनी फोनमधलं त्यांचं बुकिंग दाखवलं, बुधवारपर्यंतचं. आम्ही उभे होतो तेवढ्यात जिन्यावर चाकांचा आवाज झाला. माझ्याच वयाची एक मुलगी, कोलंबियाची, हातात तशीच किल्ली. तिचा करारही तसाच होता. फक्त नाव वेगळं. आम्ही दोघी त्या जिन्यात बसून रडलो. त्याचा फोन बंद होता, जाहिरात गेलेली होती. त्या बाईंनी आम्हाला पाणी आणून दिलं, खऱ्या मालकाला फोन लावून दिला. त्या बिचाऱ्यालाही काही माहीत नव्हतं. त्याने त्याच दिवशी कुलूप बदललं.

पोलिसांकडे आम्ही दोघी सोमवारी गेलो. इथे एक शब्द पक्का लक्षात ठेवा: ‘प्लँत’. ‘मँ कुरांत’ म्हणजे नुसती नोंद, तिने तपास सुरू होत नाही. प्लँत म्हणजे रीतसर तक्रार, आणि ती नोंदवून घेणं पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. फसवणुकीचा गुन्हा फ्रान्सच्या दंडसंहितेत कलम ३१३-१ खाली येतो, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३,७५,००० युरोंपर्यंत दंड. मेसेज, पावती, करार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट असं सगळं छापून न्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे नव्हता, त्या मुलीकडे होता. पासपोर्टची प्रत त्याच्याकडे गेली आहे हेही तक्रारीत लिहून घ्या, कारण उद्या तुमच्या नावाने तो आणखी कोणाला फसवू शकतो. आधी नुसती माहिती हवी असेल तर ० ८०५ ८०५ ८१७ हा सरकारी मोफत फोन आहे, ‘अँफो एस्क्रोकरी’ नावाचा. ज्यांची फसवणूक संपूर्ण ऑनलाइन झाली, म्हणजे माणूस दिसलाच नाही, त्यांच्यासाठी तेझे नावाची ऑनलाइन तक्रारीची सरकारी सोय २०२२ पासून आहे. माझे पैसे आजवर परत आलेले नाहीत.

नंतर मी अदिलमध्ये गेले. घरभाड्याच्या प्रश्नांवर मोफत कायदेशीर सल्ला देणारी ही कार्यालयं बहुतेक जिल्ह्यांत आहेत. तिथल्या बाईंनी माझा करार समोर पसरला आणि पेन्सिलीने एकेक जागा दाखवत गेल्या. मालकाचं नाव आहे, पण पत्ता कुठे आहे? ६ जुलै १९८९ च्या कायद्याने तो करारात असावाच लागतो. घराचं क्षेत्रफळ लिहिलेलं नाही. ऊर्जा-तपासणीचा अहवाल जोडलेला नाही. आणि सही होण्यापूर्वी जागा राखून ठेवायला म्हणून पैसे मागणं, मग ते २०० असोत की २०, बेकायदेशीर आहे. मी विचारलं, दोन महिन्यांची अनामत? त्या म्हणाल्या, सुसज्ज घराला तेवढी घेता येते. रिकाम्या घराला एकच महिना, आणि ‘बाय मोबिलिते’ हा एक ते दहा महिन्यांचा करार असेल तर अनामत घेताच येत नाही. हे मला फार लागलं. रक्कम त्याने कायद्यात बसेल अशीच मागितली होती. मी चौकशी केली असती तरी आकड्यात खोट सापडली नसती. खोट २०० युरोंत होती, न लिहिलेल्या पत्त्यात होती आणि त्या टॉवेलांत होती.

त्यांनीच विझालचं सांगितलं. अठरा ते तीस वयाच्या मुलांना मिळणारी घरभाड्याची मोफत हमी. फ्रान्समध्ये जामीन नसलेल्या आपल्या मुलांना तिचा मोठा आधार आहे. पण मला तिचा दुसराच उपयोग जास्त मोलाचा वाटतो. ही हमी पक्की व्हायला मालकाला स्वतःचं खातं उघडून ती ऑनलाइन स्वीकारावी लागते. तेव्हा घर आवडलं की म्हणा, “मी विझालने येईन.” काही खरे मालकही नाही म्हणतात, त्यावरून लगेच संशय घेऊ नका. पण जो तो विषय टाळून रोख पैशांवर येतो, त्याच्याकडून उठून या. कागदपत्रं देतानाही सरकारच्या ‘फिलिग्रान फासील’ या साधनाने प्रत्येक पानावर ‘फक्त अमुक घराच्या भाड्यासाठी’ असा आडवा ठसा उमटवून मगच द्या. तो पुसून दुसरीकडे वापरणं अवघड जातं.

महिनाभर मी वर्गातल्या एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं. त्यातले बरेच तास एका हॉटेलच्या मागच्या खोलीत भांडी घासण्यात गेले आणि बाबांकडून उसने घेतलेले पैसे मार्चपर्यंत फेडले. बाबा नको म्हणत होते. मला फेडायचेच होते.

ऑक्टोबरमध्ये आर्सोच्या बाजूला, जुन्या जलवाहिनीच्या कमानींजवळ एका आजीबाईंच्या घरात खोली मिळाली. त्या भराभर बोलायच्या, दातांत शब्द अडकायचे, माझ्या फ्रेंचचं कौतुक तर एकदाही केलं नाही. पहिल्याच भेटीत मी मनाशी ठरवल्याप्रमाणे म्हटलं, मला कळलं नाही, पुन्हा सांगा. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य कागदावर लिहून दिलं. मग मी न मागताच त्यांनी मालमत्ता कराची स्वतःच्या नावाची पावती टेबलावर ठेवली. पैशांचा विषय सही झाल्यावरच निघाला.

एता दे लियला तासभर लागला. त्या पुढे, मी वही घेऊन मागे. नळ, दिवा, कपाटाची कडी, भिंतीवरचा डाग. खिडकीपाशी त्यांनी कागदावर ‘रेय्युर’ असं लिहिलं. मी विचारलं, म्हणजे काय? त्यांनी काही न बोलता माझं बोट धरलं आणि काचेवरच्या ओरखड्यावरून फिरवलं. मी शब्द वहीत उतरवला आणि मग सही केली.