वाडा दाखवला, बगिचा दिला: नागपुरातल्या पोर्ट्रेट वर्कशॉपचा अनुभव

‘पेशवाई पोर्ट्रेट वर्कशॉप. महाल भागातला जुना वाडा, नॅचरल लाइट, तीन मॉडेल, फक्त १२ जागा. सकाळी साडेसहाला सुरुवात.’ फी ४,५०० रुपये. भोसल्यांच्या नागपुरात पेशवाई कशाला, असं मनात आलं होतं, पण थीमवरून कोणी भांडत नाही. जाहिरातीसोबतचे नमुन्याचे फोटो अप्रतिम होते. नाकातल्या नथीच्या मोत्यावरसुद्धा बारीकसा उजेड, मागे काळोखात विरत जाणारा लाकडी खांब.

ज्यांनी असं वर्कशॉप केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. नॅचरल लाइटच्या वर्कशॉपमध्ये आपण पैसे मोजतो ते वेळेचे आणि जागेचे. फेब्रुवारीत नागपुरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. त्यानंतरचा तासभर ऊन तिरपं, पिवळसर आणि मऊ असतं, चेहऱ्यावर एका बाजूने येतं. नऊ-साडेनऊनंतर ते पांढरं आणि कडक होत जातं. पण वाडा हाताशी असेल तर अकरा वाजताही काम होतं. ओसरीत मॉडेलला उंबऱ्यापासून दोन हात आत उभं केलं की डोक्यावर छप्पर आणि समोर उजळलेला चौक असतो. चौकातून उलटून येणारा उजेड चेहऱ्यावर पसरतो, डोळ्यांत चमक उतरते. म्हणजे वाडा नुसता मागचा देखावा नव्हता, वाडा हाच लाइट होता.

आदल्या रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज आला: ‘टेक्निकल कारणामुळे लोकेशन चेंज. तेलंगखेडी बागेजवळ या.’ कारण नंतर कळलं. वाड्याच्या मालकांना कोणी विचारलंच नव्हतं.

सकाळी अंधारात पोचलो तर १२ कसले, तिसाच्या वर लोक. गळ्यात कॅमेरे, हातात चहाचे कप, आणि मॉडेलचा पत्ता नाही. आयोजक गाडीला टेकून फोनवर. विचारलं तर म्हणे, ‘‘सर, येऊन राहिल्या ना त्या, मेकअप सुरू आहे. दहा मिनिट थांबा.’’ सूर्य उगवला, झाडांच्या वर आला. तोपर्यंत त्यांनी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) म्हणजे काय ते सांगितलं, तिसांतल्या बहुतेकांना येत असलेलं. आठ वाजता कोणीतरी आवाज चढवला तेव्हा उत्तर मिळालं, ‘‘नॅचरल लाइट आहे भाऊ, निसर्ग थोडी आपल्या हातात असते!’’ हे वाक्य दिवसभरात वेगवेगळ्या तोंडी ऐकलं. लाइट निसर्गाच्या हातात असेल, घड्याळ तर त्यांच्या मनगटावर होतं.

मॉडेल आल्या पावणेअकराला. तीनऐवजी दोन. एक मुलगी शिवलेल्या नऊवारीत, एक पोरगा अंगरखा-पगडीत. पगडीच्या आतल्या बाजूला ड्रेपरीवाल्याची नंबराची चिठ्ठी तशीच होती. मिशीचा गोंद घामाने सुटत होता आणि तो बिचारा दर दोन मिनिटांनी ती अंगठ्याने दाबत होता.

ऊन असं वरून पडत होतं की भुवयांच्या सावलीत डोळेच दिसेनात. नथीची सावली थेट वरच्या ओठावर. फोटोत पदराची जर जळून पांढरी पडत होती. जरीसाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, खाली आणलं की चेहरा काळवंडायचा, चेहऱ्यासाठी वाढवलं की पदर गेला. अशा वेळी वर धरायला डिफ्यूझर लागतो, नुसतं पांढरं अर्धपारदर्शक कापड असलं तरी चालतं. जाहिरातीत ‘सर्व लाइट मॉडिफायर उपलब्ध’ होतं. प्रत्यक्षात एक रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक), आणि तोही चांदीच्या बाजूने मुलीच्या तोंडावर धरलेला. तिला डोळे उघडवेनात. कडुलिंबाखाली नेलं तर गालावर कवडशांचे ठिपके आणि कातडीवर पानांची हिरवट झाक. ती झाक नंतर एडिटिंगमध्ये काढता काढता नाकी नऊ आले.

मग खरा धंदा सुरू झाला. तीस जण दोन मॉडेलभोवती कोंडाळं करून उभे, कोणाची लेन्स कोणाच्या खांद्यावर. तेव्हा आयोजक म्हणाले, ‘‘ज्यांना सोलो स्लॉट पाहिजे त्यांना देऊन टाकू, पाच मिनिटांचे पाचशे.’’ बऱ्याच जणांनी दिले. भंडाऱ्याहून पहाटेच्या गाडीने आलेला मुलगा रिकाम्या हाती कसा परत जाणार?

सगळ्यात वाईट वाटलं ते मुलीशी बोलल्यावर. पाणी पिताना सहज विचारलं, मानधन किती ठरलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्याकडून ‘पोर्टफोलिओ रजिस्ट्रेशन’ म्हणून १,५०० रुपये घेतले होते! नऊवारीचं भाडं तिच्याच खिशातून. साडेसहा ही वेळ तिला कोणी सांगितलीच नव्हती, तिला दहाला बोलावलं होतं. म्हणजे ‘मेकअप सुरू आहे’ हे सकाळपासून धडधडीत खोटं. आम्ही तिला पैसे मिळाले समजत होतो, ती आम्हाला फुकट फोटो काढून देणारे समजत होती. दोन्ही बाजूंनी पैसे एकाच खिशात गेले.

मॉडेल रिलीज मागितला, म्हणजे फोटो वापरायला मॉडेलची सहीची संमती. ‘‘मेल करून देतो.’’ आजतागायत आलेला नाही. त्याशिवाय ओळखू येणारा चेहरा स्टॉक साइटवर (फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर) व्यावसायिक वापरासाठी घेत नाहीत, बऱ्याच स्पर्धांतही चालत नाही. उलट आमच्याकडून मात्र ‘सर्टिफिकेटसाठी दहा बेस्ट फोटो ड्राइव्हवर टाका’ असं सांगून फोटो गोळा केले आणि पुढच्या बॅचच्या जाहिरातीत नाव न देता वापरले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे अशा वर्कशॉपमध्ये मी काढलेल्या फोटोचा हक्क माझा असतो. मी तो लिहून दिल्याशिवाय आयोजकाकडे जात नाही. आणि ते सुरुवातीचे नथीवाले अप्रतिम फोटो? गुगल लेन्सला दिले तर दुसऱ्याच शहरातल्या एका फोटोग्राफरच्या जुन्या पोस्ट निघाल्या. हे शोधायला मिनिटभरही लागत नाही. वर्कशॉपचे पैसे भरायच्या आधी एवढं कराच.

पैसे भरताना आणखीही बघा. यूपीआयवर संस्थेचं नाव येतंय की कोणाचं तरी वैयक्तिक, पावती मिळते का, आणि जागा बदलली तर पैसे परत मिळतील का हे लेखी आहे का. वाड्याच्या मालकांना फोन लावून तारीख खरी आहे का तेही विचारा. मॉडेल किती वाजता तयार असतील आणि एका मॉडेलमागे किती जण, हे दोन प्रश्न विचारल्यावर जो आयोजक उडवाउडवी करतो त्याच्याकडे जाऊ नका. नागपुरात नीट शिकवणारे लोक आहेत. ते आकडा सांगतात आणि पाळतात.

पैसे घेऊन कोणी सरळ गायबच झालं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आमच्या बाबतीत कार्यक्रम ‘झाला’ होता, त्यामुळे पोलीस म्हणाले, ग्राहक आयोगात जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे भंडाऱ्याच्या मुलाला नागपूरला खेटे घालायची गरज नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

आम्ही काही जणांनी मिळून लेखी मागणी पाठवली. ज्यांच्याकडे मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता त्यांना आयोजकांनी अर्धे पैसे परत करायची तयारी दाखवली. बाकीच्यांना उत्तर आलं, ‘‘सर्टिफिकेट दिलं ना तुम्हाला?’’ जाहिरात आणि लोकेशनचे मेसेज ग्रुपवरून एव्हाना उडवलेले आहेत. मी अर्धे घेतले नाहीत, तक्रार दाखल केली आहे. त्या रविवारी तिथे असलेल्यांपैकी कोणाकडे रात्री साडेअकराचा तो मेसेज किंवा सोलो स्लॉटच्या पाचशे रुपयांची यूपीआय नोंद असेल तर जपून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. आणि त्या दोन मॉडेलपैकी कोणी हे वाचत असेल तर तुमचे १,५०० सुद्धा मागता येतात, कागद करायला मी मदत करीन.