दीडशे किलोचा सांगून गळ्यात मारलेला कॅम्पर शेल काट्यावर ३१० भरला

गेल्या आठवड्यात गुहागरवरून एका मुलाचा फोन आला, म्हणाला दादा तुमच्या पिकअपचा फोटो एका फॅब्रिकेटरने पाठवलाय, मागच्या फळीवरच्या स्टिकरवरून शोधत शोधत तुमच्यापर्यंत आलो, त्यावरचा शेल (हौद्यावर बसवायची झोपायची पेटी) कसा आहे, ॲडव्हान्स देऊ का? त्याला अर्धा तास सगळं सांगितलं आणि मग वाटलं की लिहूनच काढावं, प्रत्येकाला किती वेळा सांगणार.

माझ्याकडे डबल कॅबची जुनी पिकअप आहे, पांढऱ्या पाटीची. डोक्यात खूप दिवस होतं की मागच्या हौद्यावर हलका शेल बसवायचा, छप्पर वर उचललं की आत उभं राहता येईल असा, आणि भोगवे, निवती, आचरा, कुणकेश्वर असं बायको-पोराला घेऊन फिरायचं. हॉटेल नको, बुकिंग नको. अमेरिकेत असले शेल सर्रास मिळतात, तिकडे गो फास्ट कॅम्पर्सवाल्यांचा तर सव्वाशे किलोच्या आसपासचा आहे म्हणे, पण तो इथे आणायचा म्हणजे गाडीपेक्षा वरात महाग. म्हणून इथेच बनवून घ्यायचं ठरवलं.

वजनाचा गृहपाठ मी केला होता हां, अगदीच बावळट नव्हतो. आरसीवर ग्रॉस वजन (म्हणजे भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा) आणि रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही असतं, माझ्या गाडीला फरक येतो ४२० किलो. त्यात आम्ही तिघं धरून २०० गेले. उरले २२०. चाळीस लिटर पाणी म्हणजे ४० किलो, शंभर एएचची साधी बॅटरी ३० किलो. म्हणजे शेलला फक्त दीडशे, आणि तेसुद्धा गादी, शेगडी, भांडीकुंडी न धरता. हे गणित मी त्याच फॅब्रिकेटरला व्हॉट्सॲपवर जसंच्या तसं पाठवलं. आता कळतंय की तिथेच चुकलो, त्याला कुठला आकडा ऐकायचाय ते मीच सांगून टाकलं.

तो घाटावरचा. नाव-गाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. दोन दिवसांत उत्तर आलं, "सर टोटल १४६ केजी, ॲल्युमिनियम फ्रेम, फायबर सँडविच पॅनल, चार माणसं आरामात उचलतात." किंमत १,८५,०००. पन्नास हजार ॲडव्हान्स, ते पण दुकानाच्या खात्यावर नाही, कुठल्यातरी बाईच्या नावाच्या यूपीआयवर. मी विचारलं तर म्हणे मिसेसचं आहे सर, करंट अकाउंटला प्रॉब्लेम चाललाय. क्वोटेशन म्हणजे एक रंगीत इमेज, जीएसटी नंबर नाही. जुन्या गिऱ्हाइकाचा नंबर मागितला तर लगेच दिला, त्या गिऱ्हाइकाने इतकी तारीफ केली की मला भरूनच आलं. तो त्याचा मेहुणा होता, हे नंतर कळलं.

वजनाचा पुरावा मागितला तेव्हा डिजिटल काट्याचा फोटो आला, आकडा स्पष्ट, १४६.२. फोटो खोटा नव्हता बरं का. काट्यावर जे ठेवलं होतं तो नुसता सांगाडा होता. पत्रे नाहीत, छप्पर नाही, दार नाही, झोपायच्या फळ्या नाहीत. मी आकडा बघितला, आकड्याच्या वर काय ठेवलंय ते बघितलंच नाही.

डिलिव्हरीला त्याच्या शेडवर गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती, मला रात्रीच घाट उतरून घरी यायचं होतं कारण दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचा साखरपुडा. शेल चेनपुलीने उचलून हौद्यावर ठेवला. चार माणसं आरामात उचलतात म्हणाला होता आणि इथे चेनपुली! आणि मी काय विचार केला माहितीय, की किती काळजीने ठेवतायत बघा, ओरखडा नको यायला. बाकीचे पैसे रोख मोजून दिले. क्लॅम्पने बसेल, गाडीला भोक पाडणार नाही असं ठरलेलं, मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात हौद्याला चौदा भोकं पाडून झाली होती. वर त्याने माझ्या गाडीचे फोटोही काढून घेतले, पुढूनमागून.

फोंडा घाट उतरताना समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता. मला वाटलं माझी अपर राहिलीय, दोनदा बघितलं, नाही. मागचं वजन इतकं की स्प्रिंगचे पाटे बसले, गाडीचं नाक वर, आणि लाईट समोरच्याच्या डोळ्यात. स्टेअरिंग हलकं हलकं लागत होतं, वळणावर गाडी जरा उशिरा ऐकतेय असं. खाली पोचलो तेव्हा चाकांतून ब्रेकचा जळका वास.

तरी मी मनाची समजूत घातली की पहिल्यांदाच आहे, सवय होईल. मग मे महिन्याच्या शेवटी आचऱ्याला एक रात्र काढली. साडेदहाच्या सुमारास छप्पर खाली यायला लागलं, धाडकन नाही, हळूहळू, म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसं. गॅस शॉकर उचलू शकतील त्यापेक्षा छप्परच जड होतं. मुलगा झोपला होता, मी आणि बायकोने आळीपाळीने हात लावून धरलं, मग वल्ह्याचा एक तुटका दांडा मिळाला तो टेकू म्हणून दिला. पहाटे वळवाची सर आली आणि छपराखालच्या कापडी भिंतींच्या शिवणीतून, सुईच्या एकेका भोकातून, ओळीने थेंब. शिवणीवर आतून टेपच मारलेली नव्हती. बायको एकच वाक्य बोलली, "ताडपत्री आणली असती तर दोन हजारात झालं असतं."

परत येताना चिऱ्याच्या गाड्या वजन करतात त्या काट्यावर गेलो. शेल लावायच्या आधी सहज म्हणून रिकाम्या गाडीची पावती घेऊन ठेवली होती, १,९६०. आता, डिझेल तेवढंच, पाण्याची टाकी रिकामी, सामान बाहेर काढलेलं, आणि आम्ही सगळे खाली उतरलेले, तर २,२७०. काटा दहा-दहा किलोने दाखवतो, म्हणजे थोडं इकडेतिकडे धरा, पण ३१० म्हणजे ३१०. आम्ही तिघं नुसते आत बसलो तरी गाडी ग्रॉसच्या वर जात होती.

मग शोधच लावला. फ्रीजवरचं लोहचुंबक घेऊन गेलो, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला टप्पकन चिकटलं. लोखंडी चौकोनी पाईप, वर सिल्व्हर कलर. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड असतं, संपला विषय. कड्या आणि बिजागरी स्टीलच्या ३०४ ग्रेडच्या म्हणाला होता, त्यांना चुंबक चिकटलं नाही म्हणून म्हटलं निदान एवढं तरी खरं, पण पावसाळा सुरू होऊन पंधरा दिवस नाही झाले तर तांबूस डाग. भंगारवाल्याने सांगितलं की २०२ ग्रेडलाही चुंबक लागत नाही, त्याच्याकडे थेंब टाकून तपासायची बाटली असते, त्याने तिथल्या तिथे तपासून दाखवलं. खाऱ्या हवेत २०२ टिकत नाही, किनाऱ्यावर राहत असाल तर चुंबकाच्या भरवशावर बसू नका.

फायबरचं काय ते बघायला मालवणातल्या एका होडीवाल्या काकांना बोलावलं, फायबरच्या होड्या बनवण्यात हयात गेलेली. त्यांनी खिशातून रुपया काढला आणि पॅनलवर ठोकत ठोकत गेले. काही ठिकाणी टणक आवाज, बऱ्याच ठिकाणी भद भद. मग म्हणाले एक भोक पाड. पाडलं. वर चकाकी देणारा पातळ थर, खाली काचेच्या धाग्यांच्या मॅटचा एकच पापुद्रा, तोसुद्धा रेझिन न पिता कोरडाच राहिलेला, आणि मध्ये जिथे फोम पाहिजे तिथे साधं बारा एमएमचं प्लायवूड, कडेने पाणी पिऊन फुगायला लागलेलं. काका म्हणाले, "मेल्या, ह्यां फायबर न्हय, ह्यां फर्निचर आसा. तुका बरोबर गंडवल्यान."

कागदाचंही ऐका. तो शेलवाला म्हणाला होता आरटीओची गरज नाही, सामान म्हणून धरतात. तुम्ही खरंच काढता-घालता येणारी वस्तू क्लॅम्पने ठेवली तर वाद घालता येईल कदाचित, पण चौदा भोकं पाडून बोल्ट मारल्यावर कसला वाद. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला बंदी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. उद्या घाटात काही झालं आणि विमा कंपनीने बोट दाखवलं तर मी कुणाकडे बघणार.

त्याला फोन केला तेव्हा आधी म्हणाला तुमचा काटा चुकीचा आहे. मग म्हणाला पावसाने पॅनल पाणी प्यायले असतील. आता उचलतच नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. वकील म्हणाला दोन्ही काट्यांच्या पावत्या आहेत हेच नशीब, आणि चॅट डिलीट करू नका. रोख दिलेल्या १,३५,००० चा मात्र एक चिटोरा पण नाही माझ्याकडे, त्याचं काय होईल ते होईल.

गुहागरच्या मुलाला मी एवढंच सांगितलं की जीएसटी नंबर माग, तो पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघ, आणि पूर्ण तयार शेल तुझ्या गाडीवर चढवून तुझ्या डोळ्यांसमोर काटा होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नको. पॅनलला भोक पाडून बघायला नाही म्हणाला तर त्याचा कापलेला तुकडा माग, कड दिसली पाहिजे. त्याने विचारलं असेल, कारण संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "दादा ब्लॉक केलं त्याने."

शेल सध्या खळ्यात चार चिऱ्यांवर ठेवलाय. बाबा म्हणतात कोंबड्यांना होईल. गाडीवरून उतरवायला आम्ही सहा जण लागलो होतो, नाही हलला, शेवटी बाजारातून चेनपुली आणली, आठशे रुपये भाडं.