सोलापुरात राहून डोंगरी शर्यतीची तयारी : गावातला गट की पुण्याकडचा ट्रेल क्लब?

सोलापुरात दोन-तीन हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्या, की धावणाऱ्याला सह्याद्रीचे वेध लागतात. गटातले कोणीतरी सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणाऱ्या ५३ किलोमीटरच्या शर्यतीची छायाचित्रे दाखवते, आणि डांबरी रस्त्यावरचे आपले २१ किलोमीटर एकाएकी फिके वाटू लागतात. अशा वेळी रोजच्या सकाळच्या गटासोबतच तयारी करावी, की पुणे-सातारा भागातल्या एखाद्या डोंगरी धावण्याच्या क्लबमध्ये नाव नोंदवावे, असा प्रश्न पडतो. मी चार वर्षे पहिल्या मार्गाने आणि त्यानंतर दोन हंगाम दुसऱ्या मार्गाने सराव केला. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

आधी डोंगरी शर्यत नेमके काय मागते, ते पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय ट्रेल धावणे संघटना शर्यतीची अवघडता मोजताना किलोमीटरच्या अंतरात एकूण चढाईचे मीटर शंभराने भागून मिळवते. या हिशेबाने विजापूर रस्त्याने संभाजी तलावाकडून जाऊन परत येणारी आपली २१ किलोमीटरची सपाट धाव जेमतेम २२ भरेल, तर १,२०० मीटर चढाई असलेली तेवढ्याच अंतराची डोंगरी शर्यत ३३ भरते. म्हणजे ती हाफ आणि पूर्ण मॅरेथॉनच्या मधोमध कुठेतरी येते. हे गणितही उताराचा, घसाऱ्याचा आणि कातळटप्प्यांचा विचार करत नाही. रस्त्यावर दोन तासांत हाफ पूर्ण करणाऱ्याने इथे साडेतीन ते चार तास धरून चालावे, आणि चढावर चालावे लागले तर त्यात कमीपणा मानू नये, कारण तिथे पुढचेही बहुतेक जण चालतच असतात.

गावातल्या गटाची सर्वांत मोठी देणगी म्हणजे नियमितपणा. पहाटे पाच वाजता पार्क मैदानाच्या दाराशी चार माणसे आपली वाट पाहत असतील, तर अंथरुणात लोळणे जड जाते, आणि आठवड्यातले चार दिवस ठरल्यासारखे धावणे घडते. डोंगरी शर्यतीचाही पाया हाच असतो. तो पुण्याच्या क्लबने फोनवर पाठवलेल्या तक्त्यातून तयार होत नाही. दुसरी देणगी उन्हाची आहे, जिची आपण एरवी फक्त तक्रारच करतो. दहा ते चौदा दिवस उष्ण हवेत बेताने सराव केला, तर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. डिसेंबरातही तोरण्याच्या उघड्या सोंडेवर अकरा वाजता ऊन चांगलेच लागते, आणि तिथे पुणेकर सोबती सावली शोधत असताना सोलापूरकर शांतपणे पुढे सरकताना मी पाहिले आहेत. अर्थात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा साडेसातच्या आत घरी परतणे हेच शहाणपणाचे असते.

चढाचा सराव सोलापुरात होत नाही, ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते. आतकरवाडीतून सिंहगडाची चढाई सुमारे ६०० मीटरची आहे. चार मजली इमारतीचा जिना तळापासून गच्चीपर्यंत साधारण १२ मीटर उंच धरला, तर तो पन्नास वेळा चढल्यावर एक सिंहगड होतो. काम कंटाळवाणे आहे, शेजारी विचित्र नजरेने पाहतात, आणि तरीही हृदय, फुप्फुसे व पोटऱ्या यांना त्यातला फरक फारसा कळत नाही. व्यायामशाळेतील ट्रेडमिल १० ते १२ टक्के चढावर लावून झपझप चालण्यानेही तेच साधते. शिवाय ४५ किलोमीटरवर तुळजापूरचा घाट आहे, आणि धाराशिवच्या पुढे येडशीजवळ रामलिंगचे डोंगर आहेत. मात्र ते अभयारण्य असल्यामुळे तिथे वन विभागाच्या नियमांच्या चौकटीतच जावे. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर रात्रभर पायांवर राहण्याचा आणि तळपायाच्या फोडांचा धडा त्यांना निराळा शिकवण्याची गरज नाही.

उतार मात्र सोलापुरात शिकता येत नाही, आणि माझ्या मते क्लबसाठी पैसे मोजावेत ते एवढ्याच कारणासाठी. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलतो, आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच पहिल्या मोठ्या उतारानंतर एक ते तीन दिवस जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. जिना पन्नास वेळा चढणारा माणूस तो पन्नास वेळा उतरतोही. पण सारख्या उंचीच्या, कोरड्या, सिमेंटच्या पायऱ्यांवर पाय कुठे टाकायचा हा प्रश्नच येत नाही, आणि खरा धडा तर तोच असतो. क्लबसोबतच्या माझ्या दुसऱ्या रविवारी सिंहगडाच्या वाटेवर मुरमावरून मी टाच रोवत, अंग मागे टाकत उतरत होतो. एका वळणावर घसरलो आणि दोन्ही तळहात सोलून निघाले. प्रशिक्षकांनी जखमा धुतल्या आणि मग माझे बूट काढायला लावून ते उलटे धरले. टाचेकडची नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती आणि चवड्याकडची जवळपास कोरी होती. ‘तुम्ही धावत नाही आहात, ब्रेक लावत आहात,’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर तासभर आम्ही तीस-चाळीस मीटरचा एकच तुकडा छोटी आणि जलद पावले टाकत, नजर पायांऐवजी तीन-चार पावले पुढे ठेवून, पुन्हा पुन्हा उतरलो. गावातल्या गटासोबतच्या चार वर्षांच्या सरावात ही चूक मला कळली नव्हती, कारण ती ओळखून दाखवणारे कोणी सोबत नव्हते.

सोलापूरकराच्या दृष्टीने दिलाशाची बाब अशी, की उताराची एक चांगली फेरी झाली, की पुढचे काही आठवडे स्नायू तशाच माराला बरेच कमी दुखतात. म्हणजे दर रविवारी पुण्याला धावत जाण्याची गरज नाही. शर्यतीपूर्वीच्या तीन-चार महिन्यांत महिन्यातून दोन खेपा पुरतात.

त्या दोन खेपाही स्वस्त पडत नाहीत. सकाळी सोलापुरातून निघणारी हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोहोचते तोवर क्लबची धाव संपून मंडळी गडावर पिठले-भाकरी खात असतात. त्यामुळे शनिवारी जाऊन मुक्काम करणे आणि रविवारी संध्याकाळी परतणे भाग पडते, आणि वर्षाच्या हिशेबात भाडे व मुक्काम यांचा खर्च क्लबच्या फीच्या वर जातो. रात्रीच्या बसने पहाटे उतरून तसेच डोंगरावर जाण्याचा प्रयोग मी दोनदा केला; झोप न झालेल्या पायांनी उतार उतरणे धोक्याचे आहे, म्हणून तो सोडून दिला. एका क्लबने रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर जमण्याचे ठिकाण कात्रजवरून दुसरीकडे हलवले, तेव्हा मी गाडीत झोपलेला होतो आणि सकाळी कात्रजच्या घाटात एकटाच उभा राहिलो. स्थानिक सभासदांसाठी अशी गोष्ट किरकोळ असते. अडीचशे किलोमीटरवरून येणाऱ्यासाठी ती नसते.

शर्यतीच्या दिवशी क्लबचा उपयोग अपेक्षेपेक्षा कमी होतो, कारण पहिल्या चढावरच सगळे पांगतात. आधीच्या महिन्यात मार्गावरून एकत्र जाऊन येणे अधिक मोलाचे ठरते : पाणी कुठे मिळेल, कुठली ढोरवाट चुकवते, कटऑफच्या, म्हणजे टप्पा गाठण्याच्या ठरलेल्या वेळमर्यादेच्या आधी कुठे वेळ खर्ची पडतो, हे सारे त्यात कळते. शिट्टी, हेडलॅम्प आणि पुरेसे पाणी ही सक्तीची सामग्री गावातल्या गटाला अवडंबर वाटते. क्लबमध्ये ती पिशवीत नसेल, तर प्रशिक्षक धावूच देत नाहीत. खाण्याच्या बाबतीत मात्र मी सोलापूरकरच राहिलो. कडक भाकरी धावताना घशाखाली उतरत नाही, हे कबूल. पण गूळ-शेंगदाणे खिशात, पाण्यात ओआरएस, आणि शर्यत संपल्यावर शेंगा चटणी, हा बेत धावताना ऊर्जेसाठी घेतल्या जाणाऱ्या महागड्या जेलपेक्षा माझ्या पोटाला मानवला. नुसते पाणी सतत पीत राहिल्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकते, म्हणून मिठाकडे दुर्लक्ष करू नये.

ज्यांचे लक्ष्य साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारखी, यवतेश्वरचा घाट चढून परतणारी पण डांबरी रस्त्यावरची शर्यत आहे, त्यांनी क्लबच्या वाटेला जाऊ नये. गावातला गट, जिना आणि तुळजापूरच्या घाटातल्या पाच-सहा खेपा त्यांना पुरतील. पायवाटेवरच्या १० ते १२ किलोमीटरच्या पहिल्या शर्यतीसाठीही मी हेच सांगेन, फक्त एखाद्या अनुभवी सोबत्याबरोबर सिंहगड दोनदा चढून-उतरून यावे. २५ किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या डोंगरी शर्यतीत नाव घातले असेल, तर क्लब घ्यावा. पण वर्षभराची वर्गणी भरू नये, शर्यतीपूर्वीच्या हंगामापुरतीच भरावी आणि आठवड्याचे दिवस गावातल्या गटालाच द्यावेत. गुडघ्याचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण उतार ते दुखणे हमखास वर काढतो.

पैसे भरण्यापूर्वी क्लबला दोनच प्रश्न विचारावेत. उताराचा सराव वेगळा घेता का, आणि सर्वांत मागे राहणाऱ्यासोबत कोण असते? दुसऱ्या प्रश्नावर एका क्लबने मला उत्तर दिले, की ‘मागचे येतात हळूहळू’. तिथे मी नाव घातले नाही. ज्या क्लबमध्ये पुढे दोन हंगाम काढले, तिथल्या प्रशिक्षकांनी स्वीपरचे, म्हणजे सर्वांच्या मागून येणाऱ्या सोबत्याचे, नाव आणि फोन नंबर लगेच दिला. पहिल्याच रविवारी त्या गृहस्थांना माझ्यासाठी पाऊण तास थांबावे लागले.