सहा सेंटिमीटरच्या रिपा: टोकियोतलं सनीहिल्स

ओमोतेसांदो स्टेशनातून बाहेर पडून सात-आठ मिनिटं चाललं की महागड्या कपड्यांची काचेची दुकानं मागे पडतात आणि राहत्या घरांची शांत वस्ती लागते. तिथेच एका कोपऱ्यावर तीन मजली टोपली उभी आहे. लांबून पाहिलं तर कुणीतरी हजारो रिपा तिरक्या-तिरक्या विणून ठेवल्यासारख्या वाटतात. दार कुठे आहे हे मला पटकन कळलंच नाही. दोन रिपांच्या मधून एक बाई खोका घेऊन बाहेर आल्या, तेव्हा समजलं.

हे सनीहिल्स, तैवानच्या अननस केकचं दुकान. मिनामी-आओयामातली ही इमारत 2013 साली पूर्ण झाली. वास्तुकार केंगो कुमा, आणि लाकडी सांगाड्याचं गणित जुन सातो यांचं. मी गेली अठरा वर्षं लाकडी दारं, खिडक्या आणि जाळ्यांचा कारखाना चालवते. त्यामुळे केकसाठी आले असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. मी सांधे बघायला आले होते. खिशातली टेप काढून पहिली हाताला लागलेली रीप मोजली. साठ मिलिमीटर बाय साठ मिलिमीटर. तिच्या शेजारची मोजली, तीही तेवढीच.

आत गेल्यावर तुम्हाला वर नेऊन बसवतात. मी काहीही मागितलं नव्हतं, तरी एक अख्खा केक आणि गरम ऊलाँग चहा समोर आला, आणि त्याचे पैसे नाहीत. घ्यायचंच असं कुणी सुचवत नाही, आवडलं तर जाताना खोका घ्यायचा. केक म्हणजे सोनेरी, लोणीदार पापुद्र्याची छोटी वीट. आत सारण फक्त अननसाचं. तैवानमध्ये बरेच जण या सारणात कोहळा मिसळतात, त्याने ते गोड आणि मऊसर होतं. इथे तसं नाही, म्हणून दाताखाली अननसाचे धागे येतात आणि आंबटपणा जिभेवर राहतो. पहिल्या घासाला मला तो जरा जास्तच वाटला, चहाच्या दुसऱ्या घोटानंतर मात्र त्याची गंमत कळली. (कणकेत अंडं असतं. न खाणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं.)

मी जवळजवळ तासभर बसले. दुपारचं ऊन जाळीतून येत होतं आणि टेबलावरच्या सावल्या सरकत होत्या. खिडकी अशी वेगळी जाणवतच नाही. जिथे रिपा विरळ होतात तिथे उजेड, जिथे दाट होतात तिथे अंधूक. झाडाखाली बसल्यावर फांद्यांमधून आभाळ दिसतं, तसं बाहेरचं दिसतं.

आता सांध्यांबद्दल. जपानी सुतार याला जिगोकु-गुमी म्हणतात. जिगोकु म्हणजे नरक. एकदा बसवला की हा जोड सुटत नाही, म्हणून हे नाव. कागदी सरकत्या दारांच्या चौकटींत तो पूर्वीपासून वापरतात. प्रत्येक पट्टीला आळीपाळीने वरून आणि खालून खाच, आणि पट्ट्या चटईसारख्या एकमेकींत विणायच्या. पण दाराची जाळी सपाट असते. इथे कुमांनी ती तीस अंशांच्या कोनात, तिन्ही दिशांना नेली आहे. यात काय आहे ते ज्याने हातात पटाशी धरली आहे त्याला लगेच कळेल. काटकोनातली खाच गुण्या लावून तपासता येते. तिरकी खाच अर्धा मिलिमीटर चुकली तरी दहाव्या रिपेपर्यंत सगळी जाळी पिळवटून जाते. मी जिन्याजवळ उभी राहून निदान चाळीस सांधे बोटाने चाचपले. नखाची कड आत जाईल अशी फट एकदाही सापडली नाही.

ही जाळी नुसती सजावटही नाही. आतला गाभा काँक्रीटचा आहे, पण इमारतीचा काही भार लाकूड उचलतं. रिपा एकमेकींना अशा अडवून धरतात की एकेक बारीक असूनही सगळ्या मिळून ताठ उभ्या राहतात. लाकूड हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस. हलकं, सरळ रेषांचं, आणि जवळ गेलं की किंचित लिंबासारखा वास येणारं. चार मीटर लांबीची अशी एक रीप सहा-साडेसहा किलो भरेल, म्हणजे एक माणूस ती खांद्यावर टाकून सहज चालू लागेल. मला वाटतं, कुमांचा सगळा विचार या वजनात आहे.

हे माप त्यांनी पुन्हा पुन्हा वापरलंय. आइची प्रांतात कासुगाईला 2010 साली झालेलं जीसी प्रोस्थो संग्रहालय अशाच साठ मिलिमीटरच्या काठ्यांचं आहे. तिथला जोड चिदोरी नावाच्या ताकायामाच्या जुन्या लाकडी खेळण्यावरून घेतलेला, खिळे न लावता काठी फिरवून अडकवायचा. फुकुओकाजवळ दाझाइफूच्या देवळाच्या वाटेवरचं स्टारबक्स 2011 चं, सुमारे दोन हजार काठ्यांचं, पुन्हा सहा सेंटिमीटर. तिथेही मी बसले आहे. पण तिथे तिरक्या काठ्या अंगावर येतात, रांगेत उभं राहून त्यांच्याकडे बघावं लागतं. सनीहिल्समध्ये त्या तुम्हाला वेढून घेतात.

या माणसाची सुरुवात मात्र अगदी उलट टोकाला झाली. 1991 साली टोकियोत त्यांनी एम2 नावाची इमारत बांधली, तिच्या मधोमध एक राक्षसी ग्रीक खांब. जपानमधल्या जमिनींच्या आणि शेअरच्या चढ्या भावांचा फुगा फुटला आणि पुढची दहाएक वर्षं टोकियोत त्यांना काम मिळालं नाही. त्या काळात ते शिकोकूच्या डोंगरातल्या युसुहारा गावात जाऊ लागले. तिथलं जुनं लाकडी नाट्यगृह वाचवण्याच्या खटपटीत ते होते, आणि तिथल्या सुतारांच्या शेजारी बसून शिकले. तेव्हापासून, इमारतीने सभोवतालापुढे नमतं घ्यावं, असं ते सांगत आले आहेत. आओयामातल्या घरांच्या गर्दीत काँक्रीटचा ठोकळा नको, काहीतरी मऊ हवं, हा या दुकानामागचा विचार त्यातूनच आलेला आहे.

कुमांचं सगळंच मला पटतं असं नाही. नव्या राष्ट्रीय स्टेडियमच्या छपराखाली सत्तेचाळीस प्रांतांतलं लाकूड लावलंय. कल्पना सुंदर आहे, पण खाली उभं राहिल्यावर ते लाकूड पोलादाला चिकटवलेलं वाटतं. आणि तोचिगी प्रांतातलं हिरोशिगे संग्रहालय तर कारागिरांनी धडा म्हणून वाचावं. 2000 साली छपरावरसुद्धा देवदारासारख्या सुगी लाकडाच्या पट्ट्या उघड्यावर टाकल्या. पंचवीस वर्षं व्हायच्या आत त्या कुजल्या आणि दुरुस्तीचा मोठा खर्च गावापुढे उभा राहिला. पावसाचं पाणी जिथे थांबतं तिथे लाकूड टिकत नाही, हे आमच्या कारखान्यातल्या नव्या मुलालाही पहिल्या आठवड्यात सांगतात. सनीहिल्सच्या बाहेरच्या रिपाही आता राखाडी झाल्या आहेत, पण त्या तिरक्या आहेत, पाणी ओघळून जातं. मी मुद्दाम त्यांची कापलेली टोकं पाहिली, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. जेवढी हाताला लागली तेवढी घट्ट होती.

जायचं असेल तर दुपारी तीननंतर जा, उजेड तेव्हा तिरका येतो. तिथून चालत नेझू संग्रहालय गाठता येतं. त्याची 2009 ची इमारत कुमांचीच, आणि बांबूंच्या कडेने जाणारी लांब सावलीची वाट तर मला आतल्या दालनांइतकीच आवडली.

मी दोन खोके घेतले. परत आल्यावर कारखान्यात सागाच्या तुकड्यांतून वीस मिलिमीटरच्या रिपा काढल्या आणि तो तीस अंशांचा जोड करून पाहायला बसलो. तीन दिवसांत नऊ रिपा विणल्या गेल्या. दहावी आत सरकवताना खाचेवर तडकली. आमचे जुने मिस्त्री तिचे दोन तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ताई, साग फार कडक आहे याला. देवदार मागवा."