एनसीसी, एनएसएस की गल्लीतली तालीम?

भाचीचा पहिल्या वर्षाला प्रवेश झाला आणि आठवड्याभरात तिच्यापुढं दोन फॉर्म येऊन पडले. एक एनसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेनेचा, आणि एक एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, तीन वर्षं एनसीसीत होती. मी एनएसएसवाली. दोन्ही एकदम करता येत नाही, त्यामुळं घरात सरळ दोन पक्ष पडले. "तुमचं भांडण नंतर करा. कुठं जाऊ तेवढं सांगा, मी पहाटे उठतो की," असं ती आमच्या कोल्हापुरी पोरींच्या थाटात म्हणाली.

पहाटे उठणं हाच खरं तर पहिला प्रश्न आहे. नेतृत्व, सेवा वगैरे नंतर. एनसीसीची परेड बहुतेक ठिकाणी सकाळी लवकर असते. भाची शहरातच राहते, तिला सायकल पुरे. पण पन्हाळ्याच्या बाजूनं किंवा कागलकडनं पहिल्या एसटीनं स्टँडवर उतरणाऱ्या पोराला गाडी चुकली की परेड चुकली. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. एनएसएसचा हिशोब वेगळा: वर्षाला 120 तास, दोन वर्षांचे 240, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. तास रविवारी, सुट्टीत, जयंत्या-पंधरवड्यांत भरतात. लांबनं येणाऱ्याला हेच परवडतं. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. एका युनिटमध्ये साधारण 100 स्वयंसेवक असतात आणि शिबिराला त्यातले 50 जातात. नुसते तास भरून प्रमाणपत्र हातात पडत नाही, शिबिर लागतंच. तेव्हा शिबिराच्या यादीत नाव कधी घालतात हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवावं.

आता एनसीसी. 1948 सालची संघटना, ब्रीद 'एकता और अनुशासन', आणि कोल्हापुरात तिचं ग्रुप मुख्यालयच आहे, त्यामुळं इथल्या पोरांना खाकी नवी नाही. बहिणीच्या आठवणी ऐकल्या की मला आधी पितळ घासायच्या ब्रासोचा वास येतो. रविवारी रात्री जुनी बनियन घेऊन पट्ट्याचं बक्कल घासत बसायची, आणि बेरेटवरचा लाल तुरा वाकडा दिसला तर मला ओरडायची. तिचा आवाज मुळात बारीक. पहिल्यांदा स्क्वॉडसमोर उभी राहून "दाहिने मुड" म्हणाली तर मागच्या रांगेला ऐकूच गेलं नाही, अर्धी रांग वळली आणि अर्धी तशीच. मग महिनाभर गच्चीवर सराव. पोटातनं आवाज काढायला ती तिथं शिकली. आज बँकेत काम करते, पण गर्दीत तिनं "जरा थांबा" म्हटलं की माणसं थांबतात.

एनसीसीचं नेतृत्व असं पायरीनं येतं. आधी दुसऱ्याची आज्ञा पाळायची, मग लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट करत अंडर ऑफिसरपर्यंत. सैन्यात जायचं असेल तर फार विचार करायचं कारण नाही. एनसीसीच्या सगळ्यात वरच्या, सी सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि पदवीला 50 टक्के असतील तर स्पेशल एंट्रीतनं लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. गडहिंग्लज, चंदगडच्या कितीतरी घरांत फौजेतला माणूस आहे, तिथं याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. समाजसेवा एनसीसीतही आहे: रक्तदान, स्वच्छता, झाडं लावणं. पण कार्यक्रम वरनं ठरून येतो, कॅडेटनं तो नीट पार पाडायचा. काय करायचं हे ठरवायची पाळी तिच्यावर क्वचित येते. ही माझी तक्रार आहे आणि बहिणीला ती अजिबात पटत नाही.

एनएसएस 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. हे सगळं परिचयाच्या भाषणात ऐकलं आणि विसरून गेले. लक्षात राहिला तो खड्डा.

शिबिर एका लहान गावात, मुक्काम शाळेत. माझ्या गटाकडं शोषखड्ड्याचं, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याचं काम आलं. शाळेच्या नळाजवळ सांडपाणी साचायचं, म्हणून नळाला जवळ पडेल अशी जागा आम्हीच धरली आणि टिकाव मारायला लागलो. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. दीड दिवस गेला, हाताला फोड आले. तळाला दगड टाकायची तयारी चालली होती तेवढ्यात शेजारची एक आजी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "पोरांनो, हितं पावसात गुडघाभर पाणी असतंय. ह्यो खड्डा वरनं न्हाई, खालनं भरंल." गटप्रमुख मी. अकरा जणांना "बुजवा" असं सांगायचं होतं. कुणी माझ्याशी जेवताना बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आजीलाच पुढं घातलं, तिनं कुंपणाजवळची उंचवट्याची जागा दाखवली, तिथं नवा खड्डा झाला. गावात उतरल्यावर पहिला दिवस नुसतं विचारण्यात घालवायचा असतो, हे भाषणात कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

एनएसएसमध्ये अशी चूक करायला जागा असते, म्हणून माझा कल तिकडं. पण सगळं कार्यक्रम अधिकाऱ्यावर, म्हणजे युनिट सांभाळणाऱ्या प्राध्यापकावर अवलंबून. चांगला भेटला तर पोरं किराण्याचा हिशोब लिहितात, सरपंचांशी बोलतात, ओढ्यावर मातीच्या पोत्यांचा वनराई बंधारा घालायला सिमेंटची रिकामी पोती गोळा करतात. नाहीतर बॅनर धरून फोटो, नाष्टा, घरी. नव्या शैक्षणिक धोरणात एनसीसी-एनएसएसला क्रेडिट मिळू लागलंय, शिवाय सीईपी म्हणजे समाजात जाऊन करायचा प्रकल्पही अभ्यासक्रमात आलाय. चांगलं आहे, पण त्यानं फोटोवाल्यांची संख्या वाढणार हेही धरून चाला.

कॉलेजात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात त्या विद्यार्थी परिषदेबद्दल थोडक्यातच. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर निवडणुका जाऊन गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली, 2016 च्या कायद्यात निवडणुका परत लिहिल्या गेल्या. अनेक ठिकाणी अजून यादी नोटीस बोर्डावरच लागते. स्नेहसंमेलन आणि युवा महोत्सवाची धावपळ हौशी पोरांना भरपूर शिकवते, सेवेचा भाग मात्र कमी. आणि ज्याला घरच्या पैशाची ओढाताण आहे त्यानं आधी 'कमवा आणि शिका'चं बघावं, शिवाजी विद्यापीठात ती योजना आहे. ज्या गावात शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं उभी केली, तिथं काम करत शिकण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

राहिली तालीम, म्हणजे गल्लीतला जुना आखाडा आणि त्याभोवतीचं पोरांचं मंडळ. कुठलाच फॉर्म नाही, कसलं क्रेडिट नाही, पण कोल्हापुरात हा पर्याय सोडून तुलना केली तर लोक हसतील. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराच्या पाण्याला 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या भागात पहिल्यांदा तालमीची पोरं पोचली. कुठल्या घरात वरच्या मजल्यावर आजोबा एकटे आहेत, कुणाचं इन्सुलिन संपत आलंय, हे त्यांना विचारावं लागलं नाही. कॉलेजची पोरं पाणी उतरल्यावर खराटे, फावडी घेऊन आली आणि घराघरातला चिखल काढला. तेही काम तितकंच घाणीचं आणि गरजेचं. पावतीपुस्तक घेऊन वर्गणीला दारोदार फिरलेलं पोरगं माणसं ओळखायला शिकतं यात वाद नाही. पण तालमीत वयाचा मान चालतो, तालमींच्या संघांच्या फुटबॉल हंगामात डोकी तापतात, आणि पोरींना अजून फारशी जागा नाही. भाचीसाठी तो मार्ग तिथंच संपला.

शेवटी तिला म्हटलं, सरांना नको, दुसऱ्या वर्षाच्या पोरींना विचार. मागच्या वर्षी तुम्ही स्वतः काय ठरवलंत? हिशोबाची वही कुणाकडं होती? काही बिघडलं तेव्हा निस्तरलं कुणी? ती दोन दिवस फिरली. तिच्या कॉलेजात एनएसएसच्या पोरींना वहीचं आठवेना. एनसीसीच्या सार्जंट पोरीनं मात्र कॅम्पमध्ये रात्री पाऊस घुसल्यावर तंबू कसे हलवले ते अर्धा तास सांगितलं.

फॉर्म एनसीसीचा भरलाय. बहिणीनं माळ्यावरनं जुना पट्टा काढला, बक्कल पार काळं पडलंय. ब्रासो आणायला मलाच पाठवलं.